आधी वार, मग बाळ

चार-पाच दिवसांच्या एका मानवी भ्रूणातल्या पेशी एकदा एकेक करून मोजल्या गेल्या. त्या ५८ भरल्या. त्यांतल्या ५३ पेशींनी मिळून बाहेरचं कवच केलं होतं आणि आत, एका बाजूला चिकटून, फक्त ५ पेशी होत्या. बाळाचा मेंदू, हृदय, हाडं, डोळे, बोटांची नखं हे सारं घडतं ते त्या आतल्या पाच पेशींच्या वंशातून. बाहेरच्या ५३ पेशींपैकी एकही बाळाच्या अंगात जात नाही. त्यांचं काम वेगळं असतं. त्या वार घडवतात.

ही मोजणी अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातली. आर्थर हर्टिग हे विकृतिशास्त्रज्ञ आणि जॉन रॉक हे स्त्रीरोगतज्ज्ञ १९३८ पासून पुढची पंधरा-एक वर्षं एकाच शोधात होते. ज्या स्त्रियांचं गर्भाशय आजारामुळे काढावंच लागणार होतं, त्यांच्या काढलेल्या गर्भाशयात अगदी कोवळा भ्रूण सापडतो का, हे ते पाहत. अशा पहिल्या सतरा दिवसांतल्या ३४ भ्रूणांचं वर्णन १९५६ साली प्रसिद्ध झालं. त्यातला दुसरा एक भ्रूण १०७ पेशींचा होता. त्यातही आतल्या पेशी होत्या ८ आणि बाहेरच्या ९९. माणसाच्या आयुष्याच्या अगदी आरंभीचा हा हिशेब आहे, आणि तो थक्क करणारा आहे. जवळजवळ सगळं भांडवल आधी वारेवर लावलं जातं. बाळ त्यानंतर.

बाळंतपणात मात्र सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं, आणि ते साहजिकच आहे. बाळ रडतं, घरात निरोप जातो, पेढे वाटले जातात. पाच-दहा मिनिटांनी वार पडते. सुईण किंवा नर्स ती पूर्ण आली ना, एवढं पाहते. मग ती टाकून दिली जाते किंवा गावाकडे परसात पुरली जाते. ती आईच्याच शरीराचा एक भाग, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात वारेचा फार मोठा हिस्सा बाळाचा असतो. ज्या एका फलित बीजापासून बाळ होतं त्याच बीजापासून वार होते, जवळजवळ त्याच जनुकांची. आईच्या गर्भाशयाचं अस्तर तिला एका बाजूनं येऊन मिळतं, इतकंच. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकानं स्वतःचं शरीर घडवण्याआधी हा अवयव घडवला होता, नऊ महिने वापरला होता आणि जन्मताच सोडून दिला होता.

पहिला आठवडा

या लेखातले दिवस फलनापासून मोजलेले आहेत. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यामुळे त्यांच्या हिशेबात साधारण दोन आठवडे जास्त येतात.

स्त्रीबीज जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं असतं. बीजवाहिनीत त्याची शुक्राणूशी गाठ पडते. साधारण एका दिवसानं त्या एका पेशीच्या दोन पेशी होतात, मग चार, आणि तिसऱ्या दिवशी आठच्या आसपास. पेशी वाढतात, पण भ्रूण वाढत नाही. बीजाभोवती जे पारदर्शक आवरण असतं त्याच्या आतच हे सगळं चालू असल्यामुळे दर विभाजनाला पेशी लहान होत जातात. चौथ्या दिवशी हा गोळा बीजवाहिनीतून गर्भाशयात उतरतो. तोवर त्याची शिदोरी म्हणजे बीजातला साठा आणि भोवतालचे पातळ स्राव.

याच सुमारास त्याच्या आयुष्यातला पहिला मोठा निर्णय होतो. सोळा-बत्तीस पेशींच्या त्या गोळ्यात काही पेशी बाहेर राहिलेल्या असतात, काही आत कोंडल्या गेलेल्या. बाहेरच्या पेशीची एक बाजू मोकळी असते. आतल्या पेशीला चहूबाजूंनी शेजारी असतात. वॉर्सामधले आंजेय तारकोव्स्की आणि योआन्ना व्रुब्लेव्स्का यांनी उंदरांच्या भ्रूणांवर काम करून १९६७ साली असं मांडलं की पेशीचं भवितव्य तिच्या जागेवरून ठरतं. पुढच्या संशोधनानं ते बहुतांशी खरं ठरवलं. मोकळी बाजू असलेल्या पेशीत एक प्रकारची जनुकं चालू होतात, चहूकडून घेरलेल्या पेशीत दुसरी. बाहेरच्या पेशींना ट्रोफोब्लास्ट म्हणतात. त्यांची वारेकडे वाटचाल सुरू होते आणि आतल्या पेशी बाळासाठी राखून ठेवल्या जातात. कोणी हुकूम देत नाही, आराखडा हातात धरून कोणी उभं नसतं. कोण कुठे आहे, एवढ्यावर हे ठरतं.

पाचव्या दिवसापर्यंत गोळ्याच्या मधोमध द्रव साठतो. या अवस्थेला ब्लास्टोसिस्ट असं नाव आहे. कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारात बऱ्याचदा याच टप्प्यावरचा भ्रूण गर्भाशयात सोडतात. मग भ्रूण ते पारदर्शक आवरण फोडून बाहेर येतो. आता त्याला कुठेतरी रुजायचं असतं.

रुजणं

गर्भाशयाचं अस्तर महिन्यातले मोजके काही दिवसच भ्रूणाला जागा देतं. सहाव्या-सातव्या दिवशी भ्रूण त्याला चिकटतो आणि आत शिरू लागतो. गाई-म्हशींमध्ये असं होत नाही. त्यांचा भ्रूण गर्भाशयाच्या पोकळीतच राहतो आणि अस्तरावरच्या गाठींना ठिकठिकाणी जोडला जातो. म्हणूनच त्यांची जार पडताना तिच्यावर बटणांसारखे वेगवेगळे पुंजके दिसतात. माणसाचा भ्रूण मात्र अस्तरात पुरता बुडतो. बाराव्या दिवसाच्या आसपास त्याच्यावरचं अस्तर पुन्हा मिटून येतं.

आत शिरताना बाहेरच्या पेशी एक विलक्षण गोष्ट करतात. त्या एकमेकींमधल्या भिंती काढून टाकतात आणि एकजीव होतात. उरतो तो असंख्य केंद्रकं असलेला एकसंध थर, ज्यात पेशी-पेशींमध्ये फटच नाही. पुढचे नऊ महिने आईच्या रक्ताला थेट भिडणारा पृष्ठभाग हाच. सांधाच नसल्यामुळे जंतूंना किंवा आईच्या संरक्षक पेशींना दोन पेशींच्या मधून घुसायला वाव राहत नाही.

पेशींना एकजीव करणारं प्रथिन कुठून आलं, हे २००० साली उघड झालं आणि जीवशास्त्रज्ञ चकित झाले. त्या प्रथिनाचं नाव सिन्सिटिन. त्याचं जनुक मुळात विषाणूचं आहे. लाखो नव्हे, कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या वानरकुळातल्या पूर्वजांना एका विषाणूची लागण झाली. तो त्यांच्या बीजपेशींतल्या डीएनएमध्ये शिरला आणि पिढ्यान्‌पिढ्या वारशानं पुढे येत राहिला. यजमान पेशीच्या आवरणाशी आपलं आवरण जुळवून आत शिरायचं, यासाठी विषाणूकडे एक प्रथिन असतं. तेच प्रथिन आज वारेतल्या पेशींना एकमेकींत मिसळायला लावतं. आपल्या एकूण डीएनएपैकी जवळपास ८ टक्के भाग अशाच जुन्या विषाणूंचे अवशेष आहेत. उंदरांच्या वारेतही सिन्सिटिन सापडलं, पण ते दुसऱ्याच विषाणूकडून आलेलं. म्हणजे निसर्गात हे एकदाच घडलेलं नाही. सस्तन प्राण्यांच्या वेगवेगळ्या कुळांनी वेगवेगळ्या विषाणूंकडून हीच युक्ती घेतली. ज्या लागणीनं तेव्हा कोणी आजारी पडलं असेल, तिच्यामुळे आज आपण आईच्या पोटात वाढू शकतो.

आईला निरोप

रुजलेल्या भ्रूणापुढे लगेच एक संकट उभं असतं. पाळी येण्याची वेळ जवळ आलेली असते. ती आली तर अस्तर सुटेल आणि त्याबरोबर भ्रूणही जाईल. अस्तर टिकवून धरतं ते प्रोजेस्टेरॉन, आणि ते बनवतो बीजकोशातला एक पिवळसर पिंड. बीज बाहेर पडल्यानंतर मागे राहिलेला हा पिंड दोन आठवड्यांत सुकून जातो, तसा त्याचा नेमच आहे. तो सुकू द्यायचा नसेल तर आईच्या शरीराला वेळेत खबर द्यावी लागते.

ती खबर कोवळी वार देते. एकजीव झालेल्या त्या थरातून एचसीजी नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात उतरतं, बीजकोशापर्यंत पोचतं आणि पिवळ्या पिंडाला काम चालू ठेवायला लावतं. पाळी चुकते ती त्यामुळे. घरी लघवी तपासायच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते तीही याच एचसीजीमुळे. तेव्हा पट्टीवर आपण पाहतो ती बाळाची नव्हे, वारेची खूण असते. त्या घटकेला बाळाला हृदय नसतं, मेंदू नसतो, डोकं कुठलं आणि पाय कुठले हेही ठरत असतं इतकंच. आणि वार मात्र आईच्या सगळ्या शरीराशी बोलू लागलेली असते. सातव्या-आठव्या आठवड्यानंतर ती प्रोजेस्टेरॉनही स्वतःच पुरेसं बनवू लागते आणि पिवळ्या पिंडाची गरज संपते.

आतले पाच

मग त्या आत राखून ठेवलेल्या पेशी कामाला लागतात. दुसऱ्या आठवड्यात त्यांची दोन थरांची चपटी चकती होते. पंधराव्या दिवसाच्या सुमारास चकतीच्या मध्यावर एक रेघ उमटते. त्या रेघेतून पेशी आत सरकतात आणि दोनाचे तीन थर होतात. वरच्या थरातून त्वचा आणि मेंदू, मधल्यातून स्नायू, हाडं, रक्त आणि हृदय, खालच्यातून आतडी आणि फुप्फुसांचं अस्तर. डोकं-पाय, पाठ-पोट, डावं-उजवं या दिशा याच वेळी पक्क्या होतात.

बाविसाव्या दिवसाच्या आसपास हृदयाची नळी आकुंचन पावू लागते. भ्रूण तेव्हा दोन-तीन मिलिमीटर लांबीचा असतो. एवढ्या घाईनं हृदय का, याचं उत्तर वारेकडे आहे. वारेत तोवर भ्रूणाच्या रक्तवाहिन्या तयार झालेल्या असतात. रक्त तिथपर्यंत नेऊन परत आणणारा पंप लागतो. आपल्या हृदयानं पहिलं रक्त ढकललं ते वारेच्या वाटेवर.

पाठीवरचा थर दुमडून त्याची नळी होते आणि तिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. ही नळी अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. नीट मिटली नाही तर मणक्याचं किंवा डोक्याचं गंभीर व्यंग राहतं. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे पाळी चुकून दोनच आठवडे. कितीतरी स्त्रिया तोवर डॉक्टरांकडे गेलेल्याही नसतात. या नळीच्या मिटण्याला फॉलिक आम्ल फार मदत करतं, आणि त्या शोधाचा एक धागा आपल्या मुंबईत सापडतो. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेतून काम करू लागल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक जीवघेणा रक्तक्षय दिसत होता. त्याचं कारण आहारात असावं असा विल्स यांचा कयास होता. यीस्टच्या अर्कानं, म्हणजे मार्माइटनं, तो बरा होतो हे त्यांनी १९३१ साली दाखवून दिलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच फोलेट. १९४१ साली पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला. पुढे ब्रिटनमधून चालवलेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष १९९१ साली आला. ज्यांना आधी मज्जानळीचं व्यंग असलेलं बाळ झालं होतं, अशा स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतलं तर ते व्यंग पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. परळ-लालबागच्या त्या अनाम गिरणी कामगार बायकांचं ऋण जगभरच्या बाळांवर आहे.

दोन रक्तं, एक भिंत

आई आणि बाळाचं रक्त एकच, ही समजूत फार जुनी आणि फार पसरलेली. ती शास्त्रीय रीतीनं मोडून काढली ती लंडनमधल्या विल्यम आणि जॉन हंटर या भावांनी. अठराव्या शतकाच्या मध्यावर, गरोदरपणात मरण पावलेल्या स्त्रियांच्या रक्तवाहिन्यांत रंगीत मेण भरून त्यांनी पाहिलं. आईच्या बाजूनं भरलेलं मेण बाळाच्या वाहिन्यांत गेलं नाही. विल्यम यांचा गर्भाशयावरचा भव्य चित्रग्रंथ १७७४ साली निघाला. या शोधाचं श्रेय कोणाचं, यावरून पुढे दोघा भावांत कायमचं वितुष्ट आलं.

वारेची आतली रचना डोळ्यांसमोर आणायची तर भरतीच्या वेळची कोकणातली खाडी आठवावी. खारफुटीची मुळं पाण्यात उभी असतात. पाणी त्यांच्याभोवती चढतं, फिरतं, उतरतं. झाडाला हवं ते त्या पाण्यातून मिळतं, पण खाडीचं पाणी जसंच्या तसं झाडात शिरत नाही. वारेत आईच्या धमन्या एका पोकळीत उघडतात. त्या रक्तात बाळाचे फाटे फुटलेले असंख्य तंतू बुडालेले असतात आणि त्यांच्या आत बाळाच्या केशवाहिन्या. दिवस भरतात तेव्हा वार साधारण अर्धा किलोची आणि वीत-सव्वा वीत रुंदीची असते. पण तिच्यातल्या सगळ्या तंतूंचा पृष्ठभाग उलगडून पसरला तर तो ११ ते १३ चौरस मीटर भरेल, म्हणजे घरातल्या एका खोलीएवढा. दोन रक्तांच्या मधली भिंत शेवटी शेवटी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांइतकी पातळ होते. तरी ती असते.

त्या भिंतीतून प्राणवायू येतो, कार्बन डायऑक्साइड जातो. साखर येते, अमिनो आम्लं येतात, लोह आणि कॅल्शियम येतं, युरिया जातो. बाळाची फुप्फुसं, मूत्रपिंडं आणि आतडी पुढे जी कामं करणार, ती सगळी तोवर वार करते. बाळाचं हिमोग्लोबिनही वेगळ्या घडणीचं असतं. ते आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा प्राणवायूला घट्ट धरतं, म्हणून आईच्या रक्तातला प्राणवायू बाळाकडे ओढला जातो. नाळेतल्या दोन धमन्या बाळाचं वापरलेलं रक्त वारेकडे नेतात आणि एक शीर ताजं रक्त परत आणते.

पहिल्या तीन महिन्यांत मात्र हे असं नसतं. केंब्रिजचे ग्रॅहॅम बर्टन आणि लंडनचे एरिक जाउनियॉ यांच्या संशोधनातून एक अनपेक्षित चित्र समोर आलं. सुरुवातीला वारेच्याच पेशी आईच्या धमन्यांच्या तोंडाशी बुचासारख्या बसून रक्ताचा लोंढा थोपवून धरतात. भ्रूणाला तेव्हा पोषण मिळतं ते मुख्यतः गर्भाशयाच्या ग्रंथींच्या स्रावातून. प्राणवायू मुद्दाम कमी ठेवला जातो, कारण अवयव आकाराला येत असताना जादा प्राणवायू कोवळ्या पेशींना घातक ठरू शकतो. तिसरा महिना संपता संपता ती बुचं सुटतात आणि आईचं रक्त भरभरून येऊ लागतं. कधी द्यायचं इतकंच कधी अडवायचं हेही वारेला कळतं.

आणखी एक देणगी या भिंतीतून येते. आईच्या रक्तातली विशिष्ट प्रतिपिंडं वार नुसती जाऊ देत नाही, ती वेचून पलीकडे पोचवते, आणि हे काम मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत होतं. दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या रक्तात ती आईच्या इतकीच किंवा थोडी जास्तही आढळतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हा साठा कमी मिळतो. गरोदर स्त्रीला धनुर्वाताची लस देतात ती याच भरवशावर. टोचायचं आईला, आणि संरक्षण मिळतं न जन्मलेल्या बाळाला. नाळ कापताना होणाऱ्या धनुर्वातानं आपल्या देशात पूर्वी नवजात बाळं मोठ्या संख्येनं दगावत. २०१५ साली भारतातून नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. स्वच्छ बाळंतपणं आणि लस यांच्या जोडीला या यशात वारेचाही वाटा आहे.

पण ही भिंत अभेद्य नाही, आणि हे जगाला फार मोठी किंमत देऊन कळलं. १९४१ साली ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञांनी दाखवलं की गरोदरपणी रुबेला झालेल्या मातांच्या बाळांना मोतीबिंदू होतो. १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड हे औषध बाजारात आलं आणि गरोदर बायकांना मळमळीसाठीही दिलं गेलं. १९६१ मध्ये ते मागे घेईपर्यंत हजारो बाळं हातापायांविना किंवा तोकड्या हातापायांची जन्मली होती. ते औषध वारेतून सहज पार होत होतं. दारू, निकोटिन, कितीतरी औषधं पार होतात. म्हणून गरोदरपणात मनानं गोळ्या घेऊ नयेत, हा डॉक्टरांचा आग्रह.

बापाचा वाटा

वारेबद्दलची सर्वांत अजब गोष्ट १९८४ साली उंदरांच्या भ्रूणांतून कळली. केंब्रिजमध्ये अझीम सुरानी आणि त्यांचे सहकारी, आणि फिलाडेल्फियामध्ये जेम्स मॅकग्रा आणि डाव्होर सोल्टर, यांनी असे भ्रूण बनवले ज्यांत दोन्ही जनुकसंच एकाच बाजूचे होते. दोन्ही आईकडचे असले तर भ्रूण बऱ्यापैकी घडे, पण वारेची वाढ खुंटे. दोन्ही बापाकडचे असले तर वारेच्या ऊती जोमानं वाढत आणि भ्रूण मात्र खुरटा राही. दोन्हीपैकी कोणतेही भ्रूण तगले नाहीत. काही जनुकांवर ती आईकडून आली की बापाकडून याची खूण असते आणि त्यानुसार ती चालू किंवा बंद राहतात, हे यातून पुढे आलं. वार घडवण्यात बापाकडून आलेल्या जनुकांचा जोर मोठा असतो.

माणसांत याचा दुःखद पडताळा द्राक्षगर्भात दिसतो. आईचा जनुकसंच नसलेल्या बीजात फक्त बापाची जनुकं उरली, तर बाळ घडतच नाही. वारेचे तंतू तेवढे फुगून द्राक्षांच्या घोसासारखे वाढतात. एचसीजी भरपूर असतं, पाळी चुकलेली असते, चाचणी होकारार्थी येते, आणि सोनोग्राफीत बाळ नसतं. पूर्वी अशा बाईला लोक नाही नाही ते बोलत. तिची यात काडीचीही चूक नसते. वेळीच उपचार केले आणि नंतर रक्तातल्या एचसीजीवर लक्ष ठेवलं तर ती बरी होते आणि बहुतेक वेळा पुढे तिला निरोगी बाळ होऊ शकतं.

जेव्हा वार कमी पडते

आईच्या गर्भाशयातल्या धमन्या मुळात अरुंद आणि वेटोळ्या असतात. वाढत्या बाळाला त्यांतून मिळणारं रक्त पुरणार नाही. म्हणून वारेच्या काही पेशी आईच्या ऊतींत खोल शिरतात, त्या धमन्यांच्या भिंतींतले स्नायू हटवतात आणि त्यांची तोंडं कित्येक पटींनी रुंद करतात. आईच्या संरक्षक पेशी या परक्या पेशींना मारत नाहीत. त्यांच्यातल्या काही तर मदतच करतात. बापाची निम्मी जनुकं असलेला गर्भ आईचं शरीर नऊ महिने कसं सांभाळतं, हे कोडं पीटर मेदावार यांनी १९५३ साली मांडलं होतं. वारेच्या पेशी आपली ओळख पटवणारी नेहमीची चिन्हं दाखवत नाहीत, हा त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग.

हे रुंदीकरण अपुरं राहिलं तर वारेला रक्त कमी पडतं आणि ती त्रासात येते. बाळाची वाढ खुंटू शकते. आईचा रक्तदाब, डॉक्टरांच्या हिशेबानं, विसाव्या आठवड्यानंतर वाढतो, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि हाताबाहेर गेलं तर झटके येतात. हा प्री-एक्लॅम्पसिया. जगात शंभर गरोदर स्त्रियांमागे दोन ते आठ जणींना तो होतो आणि आजही मातामृत्यूच्या मोठ्या कारणांत त्याची गणना आहे. बॉस्टनमध्ये भारतीय वंशाचे डॉ. अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवलं की त्रासलेली वार एक प्रथिन आईच्या रक्तात जास्त प्रमाणात सोडते आणि त्यानं आईच्या रक्तवाहिन्यांचं आरोग्य बिघडतं. त्यावर आधारलेल्या रक्ततपासण्या आता वापरात आहेत. धोका जास्त असलेल्या स्त्रियांना डॉक्टर लवकरच्या महिन्यांत कमी मात्रेचं ॲस्पिरिन देतात, त्यानं धोका घटतो. पण आजार एकदा झाला की तो मुळापासून जातो तो वार बाहेर पडल्यावरच.

जन्मानंतर

बाळ बाहेर आल्यावरही वारेचं काम लगेच थांबत नाही. नाळ काही मिनिटं धडधडत राहते आणि वारेतलं रक्त बाळाकडे जात राहतं, साधारण ऐंशी ते शंभर मिलिलिटर. नवजात बाळासाठी हे मोठं दान आहे आणि त्यातलं लोह त्याला पुढे कित्येक महिने पुरतं. बाळाला तातडीच्या उपचारांची गरज नसेल तर एक ते तीन मिनिटं थांबून मगच नाळ बांधावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ज्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत निम्म्याहून जास्त गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, तिथे या दोन-तीन मिनिटांचं मोल फार मोठं आहे.

आणि वार गेल्यानंतरही सगळं पुसलं जात नाही. तिच्यातून गर्भाच्या काही पेशी आईच्या शरीरात उतरलेल्या असतात. डायना बियांकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली नोंदवलं की एका स्त्रीच्या रक्तात, मुलगा झाल्यानंतर २७ वर्षांनीही, पुरुषाचं गुणसूत्र असलेल्या पेशी सापडल्या.

असा हा अवयव. माणूस तो सर्वांत आधी घडवतो, सर्वांत आधी टाकतो आणि त्याबद्दल सर्वांत कमी जाणतो. आपल्याकडे गरोदर बाईच्या खाण्यापिण्याची, डोहाळ्यांची, ओटीभरणाची हौसेनं काळजी घेतली जाते. तीच काळजी वारेच्या वाट्यालाही यायला हवी, कारण बाळापर्यंत पोचणारं सगळं काही तिच्यातूनच जातं. त्यासाठी करायचं ते सोपं आहे. मूल हवं असं ठरलं त्याच महिन्यापासून डॉक्टरांना विचारून फॉलिक आम्ल सुरू करा. पाळी चुकली की नाव नोंदवायला तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नका. प्रत्येक तपासणीत रक्तदाब मोजला जाईल, लघवी तपासली जाईल, याचा आग्रह धरा. डोकेदुखी, अंधारी, अंगावर एकाएकी आलेली सूज यांना ‘या दिवसांत असं व्हायचंच’ म्हणून घरात बसू नका. आणि बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा: नाळ बांधायला दोन मिनिटं थांबाल ना?